आईचा व्यवसाय

दर वर्षी जून महिना आला की आमच्या शाळेत नव्या मुलांचे अर्ज भरून घेण्याचे काम माझ्या गळ्यात पडते. माझे अक्षर बरे आहे, एवढेच त्याचे कारण. मुलाचे नाव, जन्मतारीख, पत्ता असे एकेक विचारीत मी खाली येते. 'वडिलांचा व्यवसाय' हा रकाना संपला की त्याखाली 'आईचा व्यवसाय' येतो, आणि तिथे माझा हात न विचारताच 'गृहिणी' असे लिहू लागतो. वर्षानुवर्षांची सवय! गेल्या जूनमध्ये मात्र समोर बसलेल्या एका बाईंना मी सहज विचारले, "तुम्ही काय करता हो?"

त्या ओशाळून म्हणाल्या, "काही नाही बाई. घरीच असते."

त्यांची मुलगी शेजारी उभी होती. ती म्हणाली, "आई रोज दीडशे पोळ्या लाटते. एक काका येऊन घेऊन जातात."

आईने तिला दटावले. "गप गं! बाई कामाचं विचारतायत."

अर्ज पुरा झाला, मायलेकी निघून गेल्या. पण ते वाक्य काही माझ्या मनातून जाईना. कारण ते मी पूर्वी ऐकले होते. शब्द वेगळे असतील, पण माझ्या आईच्या आणि त्याआधी माझ्या आजीच्या बाबतीत हेच घडले होते. मी काही अर्थशास्त्रातली जाणकार नव्हे. मॅट्रिकपलीकडे माझी मजल गेली नाही, आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईने आकड्यांच्या वाटेला जाऊ नये असे माझे हितचिंतक मला वेळोवेळी सांगत असतात. तरी या एका प्रश्नाच्या मागे मी गेली काही वर्षे लागले आहे. गरीब देशातली बाई पगाराच्या कामाला केव्हा जाते, आणि केव्हा जात नाही? विचारले तर दहातले नऊजण सांगतात, "आपल्याकडची रूढी!" घराण्याची इज्जत, नवऱ्याचा विरोध, सासूचा जाच. हे सारे खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पण मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास वाचताना, आणि तो माझ्या घरच्या ट्रंकेशी ताडून पाहताना, मला असे दिसू लागले की रूढी पुष्कळदा मागून येते. आधी दार बंद होते, आणि मग घरातली माणसे सांगू लागतात की, आम्हाला बाहेर जायचेच नव्हते.

पण हे पहिल्यापासून सांगायला हवे.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत सूत व कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी चालू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी या भागांत धुराड्यांचे रानच उभे राहिले. या गिरण्यांना माणसे हवी होती. ती आली कोकणातून, घाटावरून. त्यांत सर्वांत मोठा वाटा रत्नागिरी जिल्ह्याचा. पण आले ते बहुतेक पुरुष. १९२१ च्या शिरगणतीत मुंबई शहरात दर हजार पुरुषांमागे बायका होत्या सव्वापाचशेच्या आसपास. म्हणजे रस्त्याने दोन पुरुष गेले की तिसरी बाई दिसायची! उरलेल्या बायका कुठे होत्या? त्या गावी होत्या. भाताची खाचरे लावीत होत्या, गुरे राखीत होत्या, म्हाताऱ्यांना सांभाळीत होत्या आणि मनिऑर्डरीची वाट पाहत होत्या.

याला आपण रूढी म्हणायची का? थोडे हिशेबाने पाहू या. गिरणीचा पगार एका माणसाच्या पोटाला आणि गावी धाडायच्या चार पैशांना पुरेल एवढा होता. एका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा गडी राहत, पाळीने निजत. तिथे बिऱ्हाड थाटणार कुठे? शिवाय गावची जमीन कसली नाही तर ती हातची जायची, आणि गिरणीतली नोकरी तरी कुठे शाश्वत होती? आजार आला, संप झाला, जॉबरची मर्जी फिरली, की गाव हाच आसरा. तो आसरा जिवंत ठेवण्याचे काम बाई करीत होती. मला तर वाटते, मुंबईच्या गिरण्यांना कोकणातली बाई फुकट राबत होती. तिने गावी पिकवले म्हणून मालकाला पुरुषाच्या मजुरीत तिची आणि पोरांची पोटे धरावी लागली नाहीत. तिचे नाव मात्र कुठल्याही हजेरीपटावर नव्हते.

ज्या बायका मुंबईला आल्या त्यांना गावी टिकवून धरील असे काही उरले नव्हते. घाटावरच्या दुष्काळी तालुक्यांतून अख्खी कुटुंबेच्या कुटुंबे उठून येत. त्यांत विधवा असत, नवऱ्याने टाकलेल्या असत, भूमिहीन असत. माझी पणजी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातून आली ती अशीच. माणच्या जमिनीत पाऊस पडला तर बाजरी, नाही तर दगड. तिच्या घरी कुणी कामाला जाण्याबद्दल परवानगी विचारल्याचे वा दिल्याचे मी कधी ऐकले नाही. भुकेल्या घरात असले प्रश्न निघत नसावेत.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत मुंबईच्या गिरणी कामगारांत साधारण पाचातली एक बाई होती. हे वाचून मी चकित झाले होते, कारण माझ्या लहानपणी गिरणगावात भोंगा झाल्यावर फाटकातून बाहेर पडणाऱ्या लोंढ्यात बाई औषधालाही नसायची.

या बायकांना सगळी खाती खुली नव्हती. त्या असत मुख्यतः दोन खात्यांत. एक रीलिंग, जिथे सुताच्या लडी तयार होत. आणि दुसरे वाइंडिंग, जिथे सूत एका कांडीवरून दुसऱ्या कांडीवर भरले जाई. सूत तुटले की गाठ मारायची, कांडी भरली की काढायची, रिकामी लावायची. मजुरी वजनावर. महिन्याकाठी पुरुषाला मिळे त्याच्या निम्म्याच्या आसपास बाईच्या हाती पडे. (दार कुणाला उघडे आणि कुणाला बंद, हा प्रश्न काही केवळ बायकांचा नव्हता. विणकाम खात्यात पगार सर्वांत चांगला. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना तिथे पाऊल टाकू देत नसत. तेव्हा 'ज्याला काम हवे त्याला काम मिळते' असे म्हणणाऱ्यांनी गिरणीचा एवढा एक कोपरा पाहावा.)

माझी आजी १९३८ च्या सुमारास वाइंडिंग खात्यात लागली. तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि लग्न होऊन वर्ष झाले होते. खात्यावर एक नाईकीण असे. बायकांना कामावर घेणे, काढणे, बसवून ठेवणे सगळे तिच्या हातात. आजीच्या मावशीने त्या नाईकिणीला एक लुगडे आणि काही रुपये दिले तेव्हा आजीची वर्णी लागली. व्हिटलेसाहेबांच्या अध्यक्षतेखाली १९२९ मध्ये नेमलेल्या मजूर कमिशनने या दस्तुरीबद्दल लिहून ठेवले आहे, ते मी फार पुढे वाचले. आजीला त्यात काही विशेष वाटत नव्हते. "देवळात जायचं तर नारळ न्यावा लागतो का न्हाई?" असे ती म्हणे.

आजी कामाला जाऊ शकली याचे आणखी एक कारण होते, आणि ते कुठल्याही कमिशनच्या पुस्तकात नाही. शेजारच्या खोलीत एक निपुत्रिक म्हातारी राहत असे. महिना दोन रुपये आणि सणाला शिधा यांवर ती आजीची मुले सांभाळी. ज्यांना अशी म्हातारी मिळत नसे त्या बायका तान्ह्या पोराला अफूची गोळी देऊन झोपवून जात. तिला बाळगोळी असे गोंडस नाव होते. १९२१-२२ मध्ये सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंनी मुंबईतल्या कामकरी बायकांच्या बाळंतपणाची चौकशी केली, तेव्हा हा प्रकार किती सर्रास चालतो ते सरकारदरबारी नोंदले गेले. आजीचा पगार हा असा दोन बायकांच्या कष्टांचा पगार होता. एकीला महिन्याला पाकीट मिळे आणि दुसरीला दोन रुपये. म्हातारी वारली तेव्हा आजी सुतक नसताना दहा दिवस कामावर गेली नाही. दुःख होतेच, पण मुले तरी ठेवणार कुणाकडे?

आता कायद्याकडे वळते. इथे जपून लिहायला हवे, कारण चांगल्या माणसांनी चांगल्या हेतूने केलेल्या गोष्टींबद्दल लिहायचे आहे.

१८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यात बायकांविषयी काहीच नव्हते. तो होता मुलांसाठी. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, अर्ज केले, आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. आज आपण रविवारी सकाळी अंथरुणात लोळतो ते या माणसाच्या कृपेने. पुढे १८९१ च्या कायद्याने बायकांचे काम दिवसाला अकरा तासांवर आणले. १९१९ च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे बायकांच्या रात्रपाळीला बंदी आली. १९३४ च्या कायद्याने संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत बाईने कारखान्यात असू नये असे ठरवले. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, १९४८ च्या कायद्याने पन्नासांहून अधिक बायका असतील तिथे पाळणाघर सक्तीचे केले. यांतली एक तरी गोष्ट नको होती असे कोण म्हणेल? अकरा-अकरा तास उभ्या राहणाऱ्या पोटुशी बाईची ज्याला कणव आली नसती तो माणूस कसला?

पण गिरणीमालकाने हा हिशेब वेगळ्या बाजूने मांडला. पुरुष रात्री चालतो, बाई चालत नाही. पुरुषाला बाळंतपण नाही, पाळणाघर नाही. पुढे पगाराचे दर ठरले, बाई स्वस्त पडेनाशी झाली; मग ती घ्यायचीच कशाला? दुसऱ्या महायुद्धात गिरण्या तीन-तीन पाळ्यांत चालू लागल्या तेव्हा तर हे फारच उघड झाले. यंत्र चोवीस तास फिरते आणि बाई त्यातले ठरावीक तासच त्याच्यापाशी उभी राहू शकते!

आश्चर्य वाटते ते याचे की हा धोका फार आधी एका माणसाला दिसला होता. जुलै १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याच्या विधेयकावर चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आणि म्हणूनच तिचा भार खरे तर मोठ्या प्रमाणात सरकारने उचलावा, मात्र बाईच्या श्रमांतून फायदा घेणारा मालकही त्यातून सुटू नये, असे त्यांनी सांगितले. भार पडला तो मालकावर. मालकाने पुढे काय केले ते आपण पाहतोच आहोत.

दुसरे कारण यंत्राचे. जुनी वाइंडिंग यंत्रे संथ होती. नवी आली ती वेगवान, आणि थोड्या माणसांत भागणारी. रीलिंगचे तर मूळच सुकले. एके काळी मुंबईचे सूत लडीच्या लडी बांधून चीनला जात असे. जपानने ती बाजारपेठ घेतली, इकडे गिरण्या आपले सूत आपल्याच मागांवर विणू लागल्या, आणि लडी बांधणाऱ्या हातांची गरज उरली नाही. माणमधल्या बाईच्या भाकरीचा शांघायच्या बाजाराशी संबंध असेल हे तिला कुणी सांगितले असते तर ती हसली असती.

आणि तिसरे कारण आमचेच. कामगार संघटना पुढाऱ्यांनी बांधल्या, १९२८ चा सहा महिन्यांचा संप दीड लाख कामगारांनी लढवला, त्यात बायका मागे नव्हत्या. उषाबाई डांगे, पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या बायका मोर्च्यांच्या अग्रभागी होत्या. पण नोकऱ्या घटू लागल्या आणि कुणाची वाचवायची असा प्रश्न आला, तेव्हा 'घरधन्याची' हे उत्तर सगळ्यांच्याच ओठांवर तयार होते. पुरुषाला एवढा पगार मिळावा की बाईला राबावे लागू नये, ही मागणी ऐकायला किती गोड! तिच्यात बाईला विचारलेले नव्हते इतकेच.

स्वातंत्र्य येईपर्यंत गिरण्यांतल्या बायकांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले, आणि पुढेही घसरतच राहिले. साऱ्या कारखानदारीला सुगीचे दिवस असताना हे घडले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता आजीच्या ट्रंकेविषयी सांगते.

आमच्या घरात एक गोष्ट पक्की होती. आजोबा साचेखात्यात होते. ते पुरेसे कमवू लागल्यावर त्यांनी आजीला गिरणीतून काढून घरी बसवले. आजोबा हे अभिमानाने सांगत. "आमच्या घरातली बाई गिरणीत जात नाही," हे वाक्य माझ्या आत्याच्या लग्नाच्या बोलणीत दोनदा आले होते म्हणे, आणि त्याचा उपयोगही झाला. चाळीत आमच्या बिऱ्हाडाला त्यामुळे एक पायरी वरची जागा मिळाली. आजी हे ऐकत बसे. हो म्हणत नसे, नाही म्हणत नसे. लहानपणापासून मीही तेच मानत आले. माझ्या पहिल्या कादंबरीत मी तसा एक प्रसंगही घातला आहे, नवऱ्याच्या हुकमाने घरी बसलेली, खिडकीतून भोंगा ऐकणारी बाई. वाचकांनी त्या प्रसंगाचे कौतुक केले होते.

आजी गेल्यावर पुष्कळ वर्षांनी चाळ पाडायचे ठरले. खोली रिकामी करताना माळ्यावरून तिची पत्र्याची ट्रंक निघाली. तीत दोन लुगडी, एक देवाचा टाक, आणि जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत जपून ठेवलेला एक टंकलिखित कागद होता. तारीख १९५६ ची. खात्याची फेररचना झाल्यामुळे ही कामगार जादा ठरली आहे, सबब तिला कमी करण्यात येत आहे, असा मजकूर. खाली हिशेब. १९५३ च्या कायद्याप्रमाणे दर वर्षाच्या नोकरीमागे पंधरा दिवसांचा पगार, वर्षे अठरा. आणि त्याखाली आजीचा अंगठा.

तो कागद हातात घेऊन मी किती वेळ बसले होते कोण जाणे. म्हणजे आजोबांनी तिला बसवले नव्हते! तिला गिरणीने काढले होते. अठरा वर्षे ज्या बाईने गाठी मारल्या तिला एका ओळीत जादा ठरवले होते. मग घरातल्या माणसांनी, बहुधा मायेपोटीच, त्या अपमानावर मानाचे पांघरूण घातले. आणि ते पांघरूण इतके ऊबदार निघाले की पुढच्या पिढीला तेच खरे वाटू लागले. आत्याला कुणी कधी कामाला धाडले नाही. कारण 'आमच्या घरातली बाई गिरणीत जात नाही.' १९५६ पूर्वी आमच्या घरात ही रूढी नव्हती. नंतर ती होती, आणि जणू शिवकालापासून होती!

आजीने तो कागद का ठेवला? वाचता तर येत नव्हते. मला वाटते, ते तिचे प्रमाणपत्र होते. तिच्या नावाचा, तिने अठरा वर्षे काम केले असे सांगणारा तेवढाच एक कागद जगात होता.

माझी आई सांगते की त्या अठरा वर्षांच्या पैशांतून आजीने तीन मोठी पितळी पातेली, एक परात आणि लोखंडी तवा घेतला. पहिला आठवडा ती खरोखर घरी बसली. "भोंगा झाला की पाय आपसूक हलायचं," असे ती म्हणे. तीन महिन्यांत आठ गडी आमच्या खोलीत जेवायला येऊ लागले. गावाकडचेच, बायकामुले गावी ठेवून आलेले. दाराबाहेर चपलांची रांग, आत दोन पंगती, महिन्याला खाडे वजा करून हिशेब. गिरणगावात अशा शेकडो खानावळी होत्या. गिरणी ज्या बायकांना नको झाली होती त्याच बायका गिरणी चालवणाऱ्या हातांना जेवू घालीत होत्या. फरक एवढाच की आता त्यांना तास नव्हते, पाळी नव्हती, रविवार तर नव्हताच. लोखंड्यांनी मिळवलेला तो वार खानावळवालीच्या वाट्याला कधी आला नाही; रविवारी मटण असे, म्हणजे काम दुप्पट!

आई लग्न होऊन आली आणि परात तिच्या हाती गेली. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून खानावळवाल्या बायकांना एकत्र आणले, राष्ट्रीयीकृत बँकेची छोटी कर्जे मिळवून दिली. त्याआधी सावकार होता आणि त्याचे व्याज होते. बँकेने बाईला कर्ज दिले याचा अर्थ काय, तर तिचे काम हे काम आहे असे कुणीतरी प्रथमच कागदावर मान्य केले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही. मी तेव्हा तीन वर्षांची होते. गडी गावी परतले, पंगती उठल्या, माझ्या वडिलांची नोकरी गेली. तरी चूल विझली नाही. आईने गिरणीवाल्यांच्या जागी बँकेतले शिपाई, दुकानातली पोरे अशी नवी गिऱ्हाइके धरली आणि घर तिच्या तव्यावर चालू राहिले. वडिलांना पुढे रखवालदाराचे काम मिळाले, ते कधी असे, कधी नसे.

१९९१ च्या जनगणनेचा माणूस आमच्या दारात आला तो प्रसंग मला स्वच्छ आठवतो. मी बारा वर्षांची होते आणि आईशेजारी बसून पिठाचे गोळे करीत होते. वडिलांनी त्याला खुर्ची दिली. या गणनेआधी देशातल्या बायकांचे आकडे मोठे विचित्र झाले होते. १९६१ मध्ये शंभरांतल्या अठ्ठावीस बायका काम करणाऱ्या निघाल्या होत्या. १९७१ मध्ये प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली, 'मुख्य काम कोणते?' असे आधी विचारले, आणि आकडा एकदम निम्म्याच्या आसपास आला. बायका कुठे गेल्या नव्हत्या. त्यांना 'मुख्य काम' विचारल्यावर घरकाम असे उत्तर येत होते. म्हणून १९९१ च्या प्रश्नातच स्पष्ट घातले होते की, घरच्या शेतावरचे किंवा घरच्या धंद्यातले बिनपगारी कामही धरावे. रकाना असा सुधारला होता. पण उत्तर देणारे माझे वडील होते.

"बायको?"

"घरीच असते."

"काही काम?"

"नाही नाही. घरातलंच."

आत तवा धडधडत होता, चौदा माणसांच्या भाकऱ्यांची चळत लागली होती, धुराने त्या गृहस्थाच्या डोळ्यांतून पाणी येत होते. त्याने डोळे पुसले आणि लिहून घेतले. माझे वडील खोटारडे नव्हते. बायकोच्या कमाईवर घर चालते हे परक्या माणसापुढे सांगणे त्यांना जमले नाही. आजोबांचे पांघरूण त्यांच्याही खांद्यावर होतेच.

अलीकडे या आकड्यांची सरकार दर वर्षी पाहणी करते. २०१७-१८ मध्ये पंधरा वर्षांवरील बायकांपैकी शंभरांत तेवीस काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या होत्या. २०२३-२४ मध्ये त्या जवळजवळ बेचाळीस झाल्या. वाढीचा मोठा भाग खेड्यांतल्या, आपल्याच शेतात किंवा घरच्या धंद्यात राबणाऱ्या बायकांचा आहे. ही वाढ खरी किती आणि विचारणाऱ्याने नीट विचारल्यामुळे किती, यावर जाणती माणसे वाद घालीत आहेत. रात्रपाळीचेही उलटे वळण झाले. २०२० च्या नव्या श्रमसंहितेने बाईची संमती आणि सुरक्षेची सोय असेल तर रात्रीचे काम तिला खुले केले. आणि २०१९ च्या एका सरकारी पाहणीत असे दिसले की, घरकामाला हात लावणाऱ्यांत बाईचे दिवसाचे २९९ मिनिटे त्यात जातात, पुरुषाची ९७. हात लावणारे पुरुषही शंभरांत सव्वीसच! मी हे आकडे शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवले तेव्हा एक गुरुजी म्हणाले, "सत्त्याण्णव? एवढी?" त्यांच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

त्या पोळ्यांवाल्या बाईंचा अर्ज मी दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला. 'गृहिणी' वर काट मारली आणि 'पोळ्यांचा व्यवसाय' असे लिहिले. मुख्याध्यापकांनी विचारले, "हे असं खाडाखोड का?" मी म्हटले, "चुकून वेगळं लिहिलं होतं."

गेल्या दिवाळीत आईकडे गेले होते. पंचाहत्तरीची झाली आहे, तरी चकलीचा सोऱ्या दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही. तिच्याजवळ बसून मी १९९१ च्या त्या माणसाची आठवण काढली. विचारले, "आई, तेव्हा बाबांच्या ऐवजी त्याने तुला विचारलं असतं, तर तू काय सांगितलं असतंस?"

तिने कढईतून नजर काढली नाही.

"काय सांगणार? म्हटलं असतं, भाकरी करपतेय, मागाहून या."